मधला कप्पा

बाहेर सत्तेचाळीस.
फार्मसीपासून खोलीपर्यंत अकरा मिनिटं.
थर्मासात बर्फ, त्याच्यापासून दूर
फडक्यात गुंडाळलेलं पंधरवड्याचं इंजेक्शन.
तापायला नको, गोठायलाही नको.

जुबैलच्या या खोलीत फ्रिज एक, माणसं चार.
मधला कप्पा माझा, हे शौकत परकारने ठरवलं.
त्याचे तारले खाली गेले, लबनच्या बाटल्या दारात.
"मागे टेकवू नको रे, तिथं बर्फ धरतो."

माझा पहारेकरी चळलाय,
चोर सोडून घरच्यांनाच बडवतो.
सकाळी मूठ वळत नाही,
साइटवर व्हर्नियर हातातून निसटतो.
म्हणून त्याला जरा गुंगी देतो.
पण तो पेंगला की साधी सर्दीसुद्धा
कडी न वाजवता आत येते.

या गुरुवारी घसा खवखवला.
अडतीस दोन.
इंजेक्शन बाहेर काढून ठेवलेलं, टोपण काढायचं बाकी.
फोन लावला.
डॉक्टरीण म्हणाली, आज नाही. आधी येऊन रक्त दे.
पुन्हा कप्प्यात.
आईला कळवलं नाही,
तिला वाटतं ही ताकदीची सुई आहे.

शनिवारपर्यंत बोटं टम्म.
खोकला शौकतलाही होता.
रात्री काही न बोलता त्याने गादी उचलली,
स्वयंपाकघरात सिलिंडरशेजारी अंथरली.

आणि रविवारी, ड्यूटीची बस हॉर्न देत असताना,
माझ्या शर्टाची वरची दोन बटणं
तोंड भिंतीकडे वळवून,
श्वास धरून,
चाचपडत लावून दिली.