फेडणे

बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
सातचा वर्ग भरतो माझा.
खाली यंत्र धडधडतं, वर फळा थरथरतो,
म्हणून हर्णैत माझं अक्षर असं वाकडं.
आजचा शब्द: डॉफ.

डू आणि ऑफ, मी सांगते.
शेजारी नांगरलेल्या दोन होड्या
भरतीत एकमेकींवर घासत घासत
जशा एक व्हाव्यात, तसा.
अर्थ: उतरवणे. टोपी, अंगरखा,
कुणासमोर मान म्हणून.

निखिल चोगले म्हणाला, बाई,
आमचा बाबा वारा सुटला की टोपी अजून ओढतो खाली.
उतरवतो ती फक्त चप्पल, देवळाशी.
चप्पल डॉफ चालेल?

चालेल, म्हटलं. मग सगळेच सुटले.
कपडे काढतात. दागिने उतरवतात.
कोलंबी सोलतात.
साप कात टाकतो, कुर्ली कवच,
आणि अमावास्येच्या ओहोटीला किनारा
काय काय टाकतो ते विचारू नका.

"आई लुगडं फेडते म्हणते,"
मागून हेमांगी पावसे.
खिदळले सगळे.

मला मात्र खडू आवरेना.
लुगडं फेडतात, गाठ फेडतात,
नवस फेडतात, बोटीचा हप्ता,
डोळ्यांचं पारणं, आईबापाचे पांग.
जे अंगावर आहे ते फेडायचं,
मग ते नेसलेलं असो की घेतलेलं.
आणि आपोआप झालं, की
फिटलं म्हणायचं.

"आपोआप नाय होत, बाई."

ती उभी नव्हती राहिली. बाकाकडे बघत बोलली:
"बाबाला आणला तवा
रेनकोटच्या टोपीची नाडी फुगलेली पाण्यानं,
हनुवटीखाली गाठ.
कोयती लावू दिली नाय आईनं कुणाला.
दातांनी ओढत बसली.
लिलाव सुरू झाला, संपला,
बैलगाड्या गेल्या,
तवा सुटली."

खाली यंत्र चालूच होतं.
मी फळा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला,
आणि गृहपाठ दिला, कारण घंटा नाही आमच्याकडे:
डॉफ वापरून एक वाक्य.

रात्री वह्या तपासते आहे.
बावीस टोप्या, एक चप्पल.
हेमांगीच्या वहीत एकच ओळ:
माय मदर डॉफ्ड माय फादर.

व्याकरण चूक. कर्म चूक.
लाल पेनाचं टोपण काढलं मी,
हातात धरून बसले थोडा वेळ,
मग परत लावलं.