चोवीसपैकी एकोणीस

वारज्यात, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या पलंगाखाली वीस लिटरची बादली
रात्रभर स्वतःशी बोलते.
बुडुक्.
मग बराच वेळ काही नाही.
मग परत बुडुक्.
झाकणाला नळी, नळीचं टोक बरणीतल्या पाण्यात,
भोवती ओला पंचा, कारण एप्रिल आहे
आणि यीस्टला पुण्याचा एप्रिल मानवत नाही.

बाटल्या दांडेकर पुलाजवळच्या भंगारवाल्याकडून,
लेबलं कोमट पाण्यात भिजवून नखांनी खरवडलेली.
बिल्ले ठोकायचं यंत्र नाना पेठेतल्या
बंद पडलेल्या सोडा फॅक्टरीचं;
दर तिसरा बिल्ला वाकडा बसतो.
बारा तारखेला चोवीस भरल्या.
सोळाला तेवीस. अठराला एकवीस.
काल रात्री बॅटरी लावून, पालथं पडून मोजल्या.
एकोणीस.

आधी मी सभ्यपणे लिहून चिकटवलं:
'ही बिअर अजून तयार नाही.
तयार झाल्यावरही तुमची नाही.'
मग जरा कमी सभ्यपणे:
'बाटल्या मोजलेल्या आहेत. माणसंही.'
कुणीतरी पेन्सिलीने खाली लिहिलं:
माणसं तीनच आहेत, त्यात मोजायचं काय.

मग मी डोकं चालवलं.
पुढच्या रांगेतल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या:
'जास्वंदीचं तेल. केसांसाठी.'
ओजसचे केस गळतात, हे मी विसरलो होतो.
दोन दिवस त्याच्या उशीला सातूचा वास येत होता
आणि तो म्हणत होता, फरक आहे हं, थोडा फरक आहे.

हणमंत रात्रपाळीला असतो, दिवसा मढ्यासारखा झोपतो.
राहिला मल्लिनाथ.
मल्लिनाथ पीतच नाही,
म्हणून पहिल्यापासून माझा संशय त्याच्यावर.
त्याला मी जिन्यात गाठलं आणि नको ते बोललो.
तो नुसता चष्मा पुसत राहिला.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा दिसली.
रिकाम्या बाटल्या परत येत होत्या.
ओट्याच्या कडेला, फडक्यावर पालथ्या,
आतून काथ्या फिरवून लख्ख घासलेल्या.
या घरात दोन वर्षांत कुणी
आपणहून चमचासुद्धा विसळलेला नाही.

सोजरबाई साडेसातला येतात.
सोळा पोळ्या, एक भाजी,
शनिवारी खिचडी, कारण शनिवारी त्यांना घाई असते.
मी काही विचारलं नाही.
एक बाटली उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

त्यांनी पोळी उलटली.
'ते व्हय,' म्हणाल्या,
'मागल्या खेपेला बरं हुतं.
या टायमाला लई घाईनं काढलंस, कच्चं लागतंय.
आन् तळाचा गाळ हलवतोस कशाला?
बसू दे की त्याला.'
पोळी फुगली, वाफ सोडून खाली बसली.
'माझ्या बापाची उभी हयात त्यात गेली.'
गाळण्यात की पिण्यात, ते सांगितलं नाही.
'रात्री पाय लई दुखत्यात. अर्धी पुरती मला.
अर्धी शेजारणीला.'

त्यावर काय बोलणार?
मी विचारलं, अजून किती दिवस ठेवू?
त्यांनी तव्याकडे बघत बोटं मोजली. आठ.

चिठ्ठ्या काढल्या. डिंकाचे डाग राहिले.
आता बादलीला हात लावत नाही,
गाळ बसेपर्यंत तिचं बोलणं नुसतं ऐकतो.
भरतो चोवीस, वहीत बावीस लिहितो.

मल्लिनाथ अजून माझ्याशी बोलत नाही.
त्याच्यासाठी म्हणून जिऱ्याचा सोडा केलाय,
सहाच बाटल्या, माफीच्या,
चांगले बिल्ले निवडून ठोकलेल्या.

आज सकाळी पाच होत्या.