ठराव क्रमांक चौदा

ठराव मीच टाइप केला:
शिस्तभंगाच्या सुनावणीसाठी स्वतंत्र अधिकारी,
श्रीमती थर्झा हॉलनबेक,
तासाला एकशे ऐंशी डॉलर, प्रवासखर्च वेगळा.
पाच हात वर झाले.
पुढचा विषय गटाराच्या झाकणांचा होता,
त्यावर मात्र तासभर भांडले.

सत्तर मैलांवरून बाई आणावी लागली,
कारण आमच्या गावात कोणाचाच कोणी नाही असा माणूस
दफनभूमीतही सापडायचा नाही.
एमेट स्कोरोन्स्की बावीस हिवाळे बर्फाचा नांगर चालवतोय.
त्याच्यावर आरोप ठेवणारा रस्तेप्रमुख रॉय टेनआइक
त्याच्या मुलीचा धर्मपिता.
मी गावाची क्लार्क. एमेटची बायको माझी मामेबहीण,
आणि सरपण मी रॉयकडून घेते, उधारीवर.

बाई स्वतःचा थर्मास घेऊन आल्या.
माझी कॉफी नको म्हणाल्या, डोनट नको म्हणाल्या,
खुर्चीसुद्धा खिडकीपासून सरकवून घेतली.
मग पहिलाच प्रश्न:
"टॅनरी रोड म्हणजे नक्की कुठे?"

कोणी बोलेना.
रस्ता इतका आमचा, की तो
कधी कोणाला सांगावाच लागला नव्हता.

एमेटने माझा स्टेपलर उचलला, टेबलाच्या मधोमध ठेवला.
"हा चढ. इथून खाली ओढा." बोटाने ओढा काढला.
"इथे वळण. कठडा नाही.
इथे मी थांबलो."
"चाळीस मिनिटं?"
"हो. पातं वर घेऊन."
"त्याआधी किती तास चालवत होतात?"

त्याने रॉयकडे पाहिलं.
रॉयने पार्किंगकडे.

"सोळावा तास होता, मॅडम.
वाइपर असे हलत होते ना,
जणू कोणी पाठीवर थोपटतंय.
म्हटलं, आता निजलो तर ओढ्यातच."

सोळा.
हा आकडा मला नवा नव्हता.
जानेवारीच्या पगारपत्रकात मीच टाकला होता.
आरोपपत्रही माझ्याच हातचं, तीन पानी,
त्यात तो नव्हता.
घाल म्हणून कोणी सांगितलं नाही,
का नाही म्हणून मी विचारलं नाही.
रेकॉर्डरचा लाल दिवा चालू होता.
मला कोणी साक्षीला बोलावलं नव्हतं.

जेवणाच्या सुटीत बाई गाडीत बसून सँडविच खात होत्या,
काचा वर, टपावर बर्फ साचत चाललेला.
गरम काहीतरी न्यावं असं फार वाटलं.
नेलं नाही.
आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्याला उपाशी ठेवण्यात
काहीतरी पाळल्यासारखं वाटलं.

अहवाल आला, अकरा पानांचा.
वाचला नाही असं म्हणणार नाही.
पण ती शिफारस आहे, निकाल नव्हे;
निकाल पुन्हा त्याच पाच हातांचा,
मंगळवारी, सात वाजता.
सोबत बिल: सुनावणी सहा तास,
प्रवास एकशे चाळीस मैल, जेवण शून्य.

पाच प्रती काढल्या, पाच खुर्च्यांसमोर ठेवल्या.
प्रत्येकीला मागे पगारपत्रकाचं ते पान जोडलं.
तसं करायला मला कोणी सांगितलेलं नाही.

स्टेपलर मात्र जागेवर नेला नाही.
टेबलाच्या मधोमध आहे, चढासारखा.
मंगळवारी कागद इकडून तिकडे सरकवताना
त्याला वळसा घालावाच लागेल.