चार भोकं

मार्लिस हाउगेन मंगळवार धरते.
मंगळवारी व्हर्नन उशिरापर्यंत गोदीवर असतो,
डुलुथची शेवटची जहाजं लोहखनिज भरून घेत असतात
सरोवर गोठायच्या आत.

वकील अजून नाही.
वकिलाचा नंबर आहे, साबणाच्या पावडरच्या खोक्यात,
झाकणाच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीनं.
तासाचा भाव ऐकून ती फोनवर नुसतं "बरं" म्हणाली होती,
मासळीचा भाव ऐकून म्हणतात तसं,
पुढच्या गाळ्याकडे वळता वळता.
पलीकडची डोरीन कांगास म्हणाली,
आधी कागद जमव.
रडायचं तर माझ्याकडे येऊन रड,
इथे मीटर पडत नाही.

तर कागद.
सात वर्षांचा टॅक्स. घराचं कर्ज.
ट्रकचं कर्ज; ते फिटलं त्या रात्री
दोघं तळलेले मासे खायला गेले होते,
ती पावती अजून त्यालाच टाचलेली.
त्याच्या पेन्शनचं एक पान,
त्यावर वारस म्हणून तिचं नाव, एक अक्षर चुकलेलं.
एकतीस वर्षं चुकलेलं.

घराचे फोटोही काढून झाले.
प्रत्येक खण ओढून, प्रत्येक कपाट उघडून,
चोर आपल्याच घरात शिरावा तशी, मोजे घालून.
बर्फ ढकलायचं यंत्र. फ्रीजर, आत अर्धं हरीण.
त्याच हरणाचं डोकं भिंतीवर: व्हर्ननचं, वाद नाही.
सासूच्या कपबशा, अकरा.
बारावी कुणी फोडली यावर वाद आहे,
पण तो यादीत बसत नाही.
कुत्र्याचा फोटो हलला.
त्याच्यापुढचा रकाना तिनं कोराच ठेवला.

माझ्या भाषेत या गोष्टीला
घट फुटणं म्हणतात.
मार्लिसला माझी भाषा ठाऊक नाही,
पण ती करते आहे ते हेच:
घट अजून चुलीवर आहे, त्यात रात्रीचं सूप आहे,
आणि ती खापऱ्या मोजते आहे.

लायब्ररीत झेरॉक्स पानाला पंधरा सेंट.
नाणी हातमोज्यात भरून आणलेली.
काचेखालून उजेड सरकतो,
एक वर्ष इकडून तिकडे जातं.
पिना ती नखानं काढते.
टॅक्स दर एप्रिलला तीच भरते,
पिनही तीच मारते, एकदाच, डाव्या कोपऱ्यात.

मग या कागदाला चार भोकं कशी?

दोन पिनेची. आणि शेजारी, केसभर खाली,
आणखी दोन.
ती मागच्या वर्षीचा गठ्ठा पाहते. चार.
त्याच्या आधीचा. चार.
घराचं कर्ज, चार.
मशीन गुरगुरत वाट बघतं.
मागे रांगेत एक मुलगा कॉलेजचे फॉर्म घेऊन उभा,
तो विचारतो, कागद अडकला का?

ट्रकचं कर्ज ती सगळ्यात शेवटी उघडते.
माशांची पावती जागेवरच आहे,
फक्त उलटी टाचलेली.
म्हणजे काढली होती.
म्हणजे बघितली, आणि पुन्हा लावली.
तिचीही ती एक प्रत काढते.
कुठलाच वकील ही मागणार नाही. पंधरा सेंट.

मग बाकावर बसून पिना परत घालते,
एकेक, त्याच भोकांतून,
नाण्यानं पाय दुमडत.
पाचवं भोक पडू देत नाही.

रात्री व्हर्नन येतो, बुटांवर लालसर धूळ.
"बर्फ येणार म्हणतात."
"हो."
"उद्या तुझ्या गाडीचं ऑइल बदलून ठेवतो."
गाडी यादीत नवव्या क्रमांकावर आहे.
त्याच्या यादीत कितवी असेल?
ती सूप वाढते. तो मीठ मागत नाही,
हात लांब करून स्वतःच घेतो.
त्याच्या अंगठ्याचं नख कोपऱ्यात चिरलेलं.
तिनं आपला हात टेबलाखाली घेतला.

इतक्यात कुत्रा दाराशी जाऊन उभा राहिला,
पट्टा खुंटीवर होता,
आणि दोघंही एकदम उठले.