छापील किंमत

तिकिटावर छापलंय: तीस रुपये.
खाली शिक्का, गोल, निळा, जरा फिस्कटलेला.

सकाळी खिडकी उघडली, अर्ध्या तासात मिटली.
दुपारी तीच खिडकी, तोच कारकून, तोच कुरकुरता पंखा,
वर नवी पाटी: अधिकृत फेरविक्री.
साडेतीनशे.

पूर्वी ब्लॅकवाला निदान लाजायचा,
पानपट्टीच्या आडोशाला बोलवायचा,
इकडं तिकडं बघायचा.
आता पावती मिळते.

इलाही मुल्लाणी पंक्चर काढतो.
सेमीफायनल त्याच्या पोराच्या डाव्या पायानं जिंकलेली.
पोराचा पास कुणा पाहुण्याला गेला,
म्हणून बाप रांगेत. खिशात शंभराची एक.
"साहेब, कागदावर तीस हाय की वो."
"ते जुनं," कारकून म्हणाला.
शाई बोटाला लागत होती.

रात्री तालमीत सगळी पेठ.
कुणी म्हणालं मोर्चा, कुणी म्हणालं गेटला कुलूप घालू.
सुबराव काही बोलला नाही.
उठला, हौद्यातल्या लाल मातीत
बोटानं लिहिलं ३०,
आणि चप्पल शोधत बाहेर गेला.

माझ्याकडं एक जादा होतं, मेव्हण्याचं.
खोटं कशाला बोलू,
साडेतीनशेचा हिशोब मीही केला,
अंथरुणात, दोनदा.

सकाळी इलाहीच्या दुकानात गेलो.
त्यानं तीस मोजून दिले,
सगळे सुट्टे, ग्रीसनं काळे,
आणि न विचारता
माझ्या सायकलीत हवा भरली.
मागच्या चाकात. पुढचं ठीक होतं.