पंख्याचं बटण

दिवाळे गावच्या जेट्टीवरून आणलेली ही,
खारी बिस्किटाच्या रंगाची, म्हणून खारी.
पंख्याचं बटण दाबायला हात वर केला
तरी सोफ्याखाली.
तो हात दुसऱ्याच कुणाचा होता,
हे तिला कसं सांगायचं?

खिशात सुक्या बोंबलाचे तुकडे, नखाएवढे.
लिफ्टमध्ये डॉक्टर गवाणकर नाकाला रुमाल लावतात.
नेरूळच्या बागेत सकाळी सहाला
मी गुडघ्यावर, या वयात,
तळवा उघडा धरून.
ओढायचं नाही. ओरडायचं नाही.
ती टेकली की लगेच ‘शाब्बास’, वर बोंबील.
लगेच म्हणजे लगेच;
उशिरा आलेली शाबासकी कशाची होती
ते कळत नाही.

‘तुझं अक्षर चारचौघांत दाखवत फिरायचे अण्णा,’
काकू म्हणाली, तेराव्याला.
घरात मात्र पट्टी होती,
लाकडी, सागाची.

आज पंखा लावला.
खारी सोफ्याखाली गेली, पण अर्धीच.
शेपूट बाहेर, अजून विचारात.
माझा हात बटणावर, खिसा रिकामा.
‘शाब्बास’ म्हटलं
आणि धावलो स्वयंपाकघरात,
बोंबलाचा डबा कुठे ठेवला, डबा कुठे,
आणि मागून
फरशीवर नखांची टकटक.