टोक मोडलेला विळा

काइस्लावारा ग्रामपालिकेची ढाल
मी काढली नाही, मी टंकली.
एकोणीस वर्षांची होते, बोटं गारठलेली,
कचेरीच्या यंत्रावरचं एक अक्षर
दर वेळी अर्धंच उठायचं.

हेलसिंकीहून चित्रकार आला होता,
पातळ बुटांचा, बर्फात जपून पावलं टाकणारा.
त्यानं नियम सांगितले:
रंगावर रंग नको, धातूवर धातू नको,
चांदी म्हणजे पांढरं, सोनं म्हणजे पिवळं,
आणि भरधाव घोड्यावरूनही ओळखू आलं पाहिजे.
"आमच्याकडे भरधाव येतंय कोण?"
ताव्हेत्ती म्हणाला,
आणि सगळे कॉफीच्या कपांत हसले.

मग ज्यानं त्यानं आपापलं पुढं केलं.
मोठं सांबर, तर ते शेजारच्यांनी आधीच नेलेलं.
चर्चचा मनोरा दोनदा जळलेला,
विस्तवाला कशाला आठवण करून द्या?
बटाटा.
चित्रकार म्हणाला, ढालीवर बटाटा धोंड्यासारखा दिसतो.
"आमच्या वावरातही तसाच दिसतो," मागून कुणीतरी.

इम्पी राउतियाइनेन उठली.
सभेतली एकटीच बाई,
दुधाच्या डेअरीचा हिशेब ठेवणारी.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला विळा तिनं टेबलावर ठेवला.
"सदुसष्ट सालचा," एवढंच म्हणाली.
नव्वद वर्षं उलटली होती,
तरी कुणाला शतक विचारावं लागलं नाही.

जव हिरवाच होता आणि हिम उतरत होतं.
रातोरात कापायला निघाले, अंधारात,
विळ्याचं टोक दगडावर गेलं.
तसंच कापत राहिले.
"घरात नऊ माणसं होती," इम्पी म्हणाली.
"बर्फ वितळलं तेव्हा दोन."

चित्रकारानं कागद ओढला, विळा काढला,
सुबक, पात्याला नवी कोरी धार,
टोकापर्यंत पुरा.
"मोडकं हत्यार म्हणजे हार," तो समजावू लागला,
"शास्त्रात तसा अर्थ होतो."
"हारच झाली होती," इम्पी म्हणाली.

त्यावर मत घ्यायचं राहून गेलं.
शेवटची घोडागाडी निघायची होती.

निघण्याआधी त्यानं मला मजकूर सांगितला,
आणि सांगता सांगता एक गोष्ट शिकवली:
ढाल म्हणजे चित्र नव्हे, मुली, वाक्य.
चित्र जळतं, पुसतं,
उद्या दुसरा कुणी दुसऱ्या हातानं काढतो,
वाक्य तेवढं बदलायचं नाही.
मग त्यानं वाक्य सांगितलं:
काळ्या क्षेत्रावर रुपेरी विळा.

तो गेला. दिवा होता. कागद यंत्रातच होता.
मी स्वल्पविराम दिला
आणि दोन शब्द जोडले.

शिक्का बसला. राजधानीतून मंजूर होऊन आलं.
अध्यक्षांनी वाचलं, चष्मा काढला,
पुन्हा घातला, सही केली.
इम्पीनं त्या नाताळला मला लोणी पाठवलं,
दोन किलो, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही.

बावन्न वर्षं तो विळा
रस्त्याच्या पाटीवर, शाळेच्या झेंड्यावर,
हॉकीच्या पोरांच्या छातीवर.
बाहेरून येणाऱ्यांना तो चंद्रकोर वाटायचा,
एका जर्मन कोळ्याला गळ वाटला.
काळा रंग कशासाठी, मुलं विचारायची,
आणि मास्तर पुस्तकातलं उत्तर द्यायचे: निष्ठा.
रात्र होती ती, बाळांनो. नुसती रात्र.

आता आम्ही मोठ्या पालिकेत गेलो.
तिला निळी लाट आहे, तिच्यावर हसरा सूर्य,
पगारी माणसांनी केलेला.
यार्को पाना घेऊन पाट्या उतरवत फिरत होता,
माझ्या फाटकापाशी थांबला:
"हवी का? सरपणावर झाकायला बरी पडेल."
हातमोज्यानं बर्फ पुसलं, वाकून पाहिलं.
"टोक गंजून गेलंय, आजी. रंग देऊन नीट करू?"

"नको," म्हटलं,
"ते तसंच लिहिलंय."